टाच खाली!

कवायतीच्या मैदानावर कॅडेटच्या अंगात एक गोष्ट रोज मुरवली जाते: हुकूम कानावर पडला की विचार न करता शरीर हलले पाहिजे. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मुड़’. १९४८ पासून एनसीसी या शिस्तीवर उभी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. मात्र हाच कॅडेट गढवालमधल्या डोकरियानी बामक हिमनदीवर पोहोचला की त्याला आणखी एक शिस्त शिकावी लागते. काल जिथे आईस अ‍ॅक्स घट्ट बसली, तिथे आज पोकळ पापुद्रा असू शकतो. तो ओळखायचा ज्याचा त्याने.

उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली सुरू झाली. तिथल्या बेसिक कोर्समध्ये एनसीसीच्या मुलामुलींनाही जागा मिळतात. आधी तेखला इथल्या खडकांवर सराव, मग पाठीवर ओझे घेऊन तेल कॅम्प, गुज्जर हट करत डोकरियानीचा बेस कॅम्प. सह्याद्रीच्या बसाल्टवर बोटे घासलेल्या मुलांना तेखलाचा खडक फारसा परका वाटत नाही. खाच कुठे, कपार कुठे, हे नजर आपोआप टिपते. हिमनदीच्या निळसर भिंतीवर मात्र आयती खाच मिळत नाही, ती स्वतः करावी लागते.

अ‍ॅक्स मारायची ती फुगवट्यावर नाही, खोलगट जागी. फुगीर बर्फ ताणलेला असतो, घाव बसताच त्याची थाळीएवढी ढलपी निघते आणि खालच्याच्या हेल्मेटवर येते. घावाचा आवाज भरीव आला तर भार टाकावा, पोकळ आला तर पुन्हा मारावे. पायाचा धडा त्याहून अवघड. घाबरलेला माणूस चवड्यांवर उभा राहतो. टाच वर गेली की बुटाला बांधलेल्या क्रॅम्पॉनचे मागचे दात बर्फ सोडतात, पुढचे दोन निसटू लागतात आणि पोटऱ्या थरथरतात. म्हणून टाच खाली हवी. हा हुकूम कवायतीसारखा पाळून भागत नाही. भीती वाटत असतानाच तो दर पावलाला स्वतःला द्यावा लागतो.

या पुढच्या दोन दातांचा इतिहास सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑस्कर एकेनस्टाइनने १९०८ च्या सुमारास दहा दातांच्या क्रॅम्पॉनची रचना केली, ती कुर्मायूरच्या ग्रिवेल लोहारांनी घडवली. १९२९ मध्ये लॉरां ग्रिवेलने पुढे झेपावणारे दोन दात जोडले. १९३८ मध्ये आल्प्समधल्या आयगरच्या उत्तर भिंतीवरच्या चढाईत हाइनरिश हारर क्रॅम्पॉनविना होता आणि त्याचा जोडीदार कास्पारेक दहा दातांवर, त्यामुळे ते पायऱ्या खोदत चालले होते. मागून बारा दातांवर आलेल्या हेकमायर आणि फर्ग यांनी त्यांना बर्फाच्या उतारावर गाठले. पुढे चौघे एकत्र माथ्यावर गेले. आज कॅडेटच्या बुटाला जे लागते, त्याची किंमत त्या भिंतीने ठरवली.

सरावाची जागाही स्थिर नाही. १९६२ ते १९९५ या काळात डोकरियानीचे मुख सुमारे ५५० मीटर मागे सरकले. म्हणजे आजोबांच्या पिढीने जिथे क्रॅम्पॉन बांधले असतील, तिथे नातवंडांना सुट्या दगडांच्या मोरेनमधून वाट काढावी लागते. ऊन चढले की तेच दगड सुटतात, म्हणून सराव पहाटे.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी याच संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी द्रौपदी का डांडा-२ वर हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह हाती लागले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते. इतक्या जाणत्या माणसालाही डोंगर घेऊन जातो. त्यामुळे अशा शिबिरांना साहसी सहल म्हटलेले मला सहन होत नाही.

१८ मे २०२५ रोजी एनसीसीचे दहा कॅडेट, पाच मुली आणि पाच मुलगे, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यांचे सरासरी वय १९ होते. २०१३ आणि २०१६ नंतरची एनसीसीची ही तिसरी एव्हरेस्ट मोहीम. तिरंग्यासह छायाचित्रे सर्वत्र झळकली. त्याआधी सियाचीन बेस कॅम्पवर झालेल्या हिवाळी प्रशिक्षणाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले. तशीच पूर्वतयारी इथेही हवी. महाराष्ट्रातून उत्तरकाशीला निघणाऱ्या मुलांना निदान तीन महिने आधी ओझ्यासह गड चढवावेत, हातमोजे घालून गाठी मारायला लावाव्यात, आणि ‘मला हा बर्फ ठीक वाटत नाही’ असे प्रशिक्षकाला तोंडावर सांगायची सवय लावावी.