पडद्यावरील डावें आणि उजवें

एक मुलगा परीक्षेस निघतो आणि प्रवेशपत्र घरींच विसरतो. आईच्या तें ध्यानांत येतें. ती तें घेऊन त्याच्यामागें धांवते व शाळेच्या फाटकापाशीं त्याला गांठते. विद्यार्थ्यांच्या चार मिनिटांच्या चित्रपटास एवढी गोष्ट पुष्कळ झाली. मोबाइल फोनवरही चित्रण होऊं लागल्यापासून साधनांची वाण फारशी राहिलेली नाहीं. वाण असते ती आगाऊ विचाराची.

आतां असें समजावें, कीं मुलगा पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला आणि पुढच्याच तुकड्यांत आई उजवीकडून डावीकडे धांवतांना दिसली. प्रेक्षकास काय वाटेल? आई मुलाच्या पाठीमागें नसून समोरून येत आहे, असेंच वाटेल. वस्तुतः रस्ता एक आणि दोघांची दिशाही एक. परंतु चित्रण करणारा सकाळीं रस्त्याच्या एका बाजूस उभा होता व दुपारीं सावलीसाठीं पलीकडे गेला, एवढ्यानेंच पाठलागाची भेट झाली! प्रेक्षकाला तो रस्ता ठाऊक नसतो. पडद्याच्या चार कडा हाच त्याचा भूगोल.

यास्तव चित्रपटकारांनीं एक नियम बसविला. पात्राच्या चालण्याची दिशा किंवा बोलणाऱ्या दोघांच्या नजरा जोडणारी ओळ ही एक रेषा मानावयाची, आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूस, म्हणजे १८० अंशांच्या अर्धवर्तुळांत, ठेवावयाचा. फाटकापाशीं आई उजवीकडे पाहून बोलत असेल, तर एकट्या मुलाच्या चित्रांत त्यानें डावीकडे पाहिलें पाहिजे. रेषा ओलांडणें भागच पडलें, तर पात्र थेट कॅमेऱ्याच्या रोखानें येत असल्याचा एक तुकडा मध्यें घालावा.

दुसरी अडचण दाराची. एड्विन पोर्टर यानें एडिसनच्या कंपनीसाठीं केलेला ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ हा चित्रपट १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत आगींत सांपडलेल्या स्त्रीची व तिच्या मुलाची सुटका प्रथम खोलीच्या आंतून संपूर्ण दिसते, आणि नंतर तीच सुटका पुन्हां पहिल्यापासून बाहेरून दिसते. त्या काळच्या प्रेक्षकांस हें खटकलें नसावें. आजच्या प्रेक्षकाला मात्र एकच घटना दोनदां घडल्याचा भास होतो. तथापि चित्रण करतांना पोर्टरचीच रीत उपयोगी आहे. आईनें कडी काढून दार उघडण्याची क्रिया आंतून पूर्ण घ्यावी, बाहेरूनही पूर्ण घ्यावी; संकलनांत मात्र दार अर्धें उघडलें असतां आंतला तुकडा तोडून बाहेरचा जोडावा. प्रेक्षकाची नजर हालचालीच्या मागें धांवत असते. सांधा तिला दिसत नाहीं. एकाच पात्राचे दोन तुकडे लागोपाठ जोडावयाचे असल्यास कॅमेऱ्याची जागा निदान ३० अंशांनीं बदलावी, नाहींतर चित्रानें उडी मारल्यासारखें वाटतें.

हें सारें कागदावर आधीं उतरवावें लागतें. घर, रस्ता व फाटक यांचा वरून दिसेल तसा नकाशा काढून चालण्याचे बाण दाखवावे आणि प्रत्येक तुकड्याशीं कॅमेऱ्याची जागा लिहावी. चित्रण गोष्टीच्या क्रमानें होत नाहीं. घरांतले सगळे तुकडे एकदम आणि फाटकापाशींचे सगळे एकदम उरकावे लागतात. तेव्हां प्रवेशपत्र कोणत्या हातांत होतें, दप्तर कोणत्या खांद्यावर होतें, याची नोंद एका विद्यार्थ्याकडे सोंपवावी. हें काम कंटाळवाणें म्हणून कोणी मागून घेत नाहीं, पण तेंच सर्वांत महत्त्वाचें. मुलाचें काम करणारा दोन दिवसांच्या मध्यें केस कापून आला, तर त्याला कोणतेंच संकलन वांचवूं शकत नाहीं.

शाळेचें फाटक बहुधा एखाद्या रविवारापुरतेंच मिळतें. सोमवारीं संकलनास बसल्यावर आईची दिशा चुकल्याचें कळलें, तर संगणकावर चित्र आरशांतल्याप्रमाणें उलटविण्याची सोय आहे खरी. दिशा सुधारते, पण फाटकावरची शाळेच्या नांवाची पाटीही उलटी होते, आणि आईचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातो.