गिटारच्या थिअरीविषयीचे गैरसमज

गिटार शिकू लागलेल्या बहुतेकांना वाटते, की थिअरी म्हणजे पाच रेघांवरचे ठिपके वाचणे. नोटेशन ही फक्त लिपी आहे. थिअरी म्हणजे स्वरांमधली अंतरे ओळखणे. जॅझमधले थोर गिटारवादक वेस माँटगोमरी यांना नोटेशन वाचता येत नव्हते, पण कोणत्या कॉर्डवर कोणता स्वर शोभेल हे त्यांच्या कानाला पक्के ठाऊक होते.

अंतरे मोजायला गिटारसारखे सोयीचे वाद्य नाही. एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर. बाराव्या फ्रेटवर तार निम्मी होते आणि तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. पाचवी तार मोकळी वाजवली तर ११० हर्ट्‌झ, बाराव्या फ्रेटवर २२०. आता त्याच एका तारेवर सारेगम काढून पाहा : मोकळी तार सा, मग २, ४, ५, ७, ९, ११ आणि १२ हे फ्रेट. ग-म आणि नि-सां यांच्यात एकेक फ्रेट, बाकी सगळीकडे दोन-दोन. हीच मेजर स्केल, निराळी पाठ करायला नको.

आपल्याकडे आणखी एक समज पक्का बसलेला असतो : सा म्हणजे सी. सीची जागा ठरलेली, पेटीवरची पांढरी एक. सा मात्र गाणारा ठरवतो. त्याने ‘काळी एक’ सांगितली की सा आला सी शार्पवर. अशा वेळी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी मेजरचाच आकार धरावा. कॅपो लावणे ही पळवाट आहे, असे कुणी म्हटले तर मनावर घेऊ नका. गळ्याला मानवेल ती पट्टी देणे हे साथ करणाऱ्याचे पहिले काम.

कॉर्ड म्हणजे नुसता बोटांचा आकार नव्हे. मेजर कॉर्ड म्हणजे सा-ग-प. मायनरमध्ये ग कोमल. ई मेजर धरा आणि तिसऱ्या तारेवरची तर्जनी उचला : झाली ई मायनर. बाकीच्या पाच तारा जशाच्या तशा, बदलला तो फक्त गंधार. मायनर म्हणजे उदास हेही सरसकट खरे नाही. लय चढली की तीच कॉर्ड झपाटून टाकते.

ट्यूनर बरोबर दाखवतो, तरी ई मेजर किंचित खटकते, म्हणजे गिटारच खराब, असेही वाटू लागते. फ्रेट सारख्या प्रमाणात विभागलेले असल्याने गिटारचा गंधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा असतो. तो गोड करायला तिसरी तार उतरवलीत, तर ई मेजर जुळेल, पण सी मेजरमध्ये तीच मोकळी तार पंचम असते आणि तो उतरा लागेल. तेव्हा तार ट्यूनरवरच ठेवा. फक्त ती फार जोराने दाबू नका, दाबाने ताणली की गंधार आणखी चढतो.