लॅपटॉप घेण्याआधी अभ्यासक्रम हाती घ्या

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या याद्या लागतात आणि आपल्या वस्त्यांमध्ये धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, टी.सी. या कागदांच्या धावपळीची आपल्याला सवय झाली आहे. अलीकडे तिच्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. 'पप्पा, कॉलेजात लॅपटॉप लागतो म्हणे' हे मुलीचे एक वाक्य ऐकून रात्रभर कूस बदलत राहिलेले बाप आज घरोघरी आहेत. फीचे काय ते शिष्यवृत्तीतून भागेल, पण लॅपटॉपचे काय, हा प्रश्न त्यांना पडतो आणि त्याचे उत्तर शोधायला ते थेट दुकानात जातात. चूक नेमकी इथेच होते.

मागच्या जूनमध्ये असेच एक परिचित घरी आले. औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, महिन्याला सोळा हजार पगार. मुलीला शहरातल्या महाविद्यालयात बी.एस्सी. संगणकशास्त्राला प्रवेश मिळालेला. त्यांच्या सगळ्या भावकीत पदवीच्या वर्गात पाऊल ठेवणारी ती पहिलीच मुलगी. त्यांच्या हातात दुकानातून आणलेला एक कागद होता. रोख किंमत ६७ हजार. हप्त्याने घेतल्यास दरमहा ६ हजार, असे बारा हप्ते. वर ठळक अक्षरांत 'शून्य टक्के व्याज'. म्हणाले, 'सर, पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. घेऊन टाकू का?'

मी त्यांना दोन प्रश्न विचारले. बारा हप्त्यांचे एकूण किती होतात? ७२ हजार. मग रोखीपेक्षा वरचे ५ हजार कशाचे? ते गप्प झाले. ते ५ हजार म्हणजेच व्याज. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे धरून हिशेब केला तर ते वर्षाला तेरा टक्क्यांहून अधिक पडते. प्रक्रिया शुल्क आणखी वेगळे. शून्य टक्क्यांची ही जादू नवी नाही. क्रेडिट कार्डावरील अशा योजनांमध्ये व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवले जाते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावले होते. तरीही कागदावरचे शून्य आपल्याला भुलवते. सावकाराने अंगठा घेऊन आपल्या आजोबांना लुटले; नातवाने सही करून लुटून घ्यायचे, एवढाच काय तो फरक!

दुसरा प्रश्न असा होता की, हा लॅपटॉप निवडला कोणी? मुलीने नाही, तिच्या प्राध्यापकांनी नाही. दुकानातल्या विक्रेत्याने निवडला. तो खेळ खेळण्यासाठी बनवलेला लॅपटॉप होता. वेगळे ग्राफिक्स कार्ड, कळफलकाखाली रंगीबेरंगी दिवे, चार्जरसह जवळपास तीन किलो वजन. रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्या, बसायला जागा मिळाली तर मिळाली अशा मुलीने तो खांद्यावर वागवायचा. त्यात अशा यंत्राची बॅटरी जेमतेम तीन-चार तास चालते. गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणजे ज्या कामासाठी लॅपटॉप घ्यायचा, त्या कामालाच तो गैरसोयीचा.

म्हणून पालकहो, पहिले पाऊल दुकानाकडे नको, महाविद्यालयाकडे टाका. विभागात जा, वरच्या वर्गातल्या मुलामुलींना गाठा आणि विचारा, पहिल्या दोन सत्रांत कोणते सॉफ्टवेअर शिकवतात? प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते? लॅपटॉप खरोखर कोणत्या वर्षापासून लागतो? हे विचारायला लाजू नका. बहुतेक ठिकाणी कळते की पहिले काही महिने लॅपटॉपवाचून अडत नाही. घाई दुकानदाराला असते, अभ्यासक्रमाला नसते.

आता अभ्यासक्रमानुसार पाहू. कला, वाणिज्य, विधी, समाजकार्य, बी.एड. या शाखांत काम असते ते टंकलेखनाचे, पुस्तकांच्या पी.डी.एफ. वाचण्याचे, नेटवर शोध घेण्याचे. त्याला आय-थ्री किंवा रायझन-थ्री दर्जाचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम पुरेशी आहे. वाणिज्यच्या मुलांना टॅली शिकायची असेल तर विंडोज असलेले यंत्र घ्यावे. संगणकशास्त्र, आय.टी., बी.सी.ए.साठी आय-फाइव्ह किंवा रायझन-फाइव्ह आणि १६ जीबी रॅम असावी; पण सी, जावा, पायथन शिकायला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पुढे मशीन लर्निंगचे जड काम आले तरी गुगल कोलॅबसारख्या सोयीवर ते नेटवरून मोफत करता येते. सिव्हिल, मेकॅनिकल, आर्किटेक्चर यांची गोष्ट वेगळी. तिथे ऑटोकॅड, रेव्हिट, सॉलिडवर्क्स अशी सॉफ्टवेअर येतात आणि तेव्हा ग्राफिक्स कार्डाचा खर्च सार्थकी लागतो. रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच बनवलेली आहेत, म्हणून त्या मुलांनी मॅकबुकच्या मोहात पडू नये. मात्र अभियांत्रिकीचे पहिले वर्ष बहुतांशी गणित, भौतिकशास्त्र अशा सामाईक विषयांचे असते. या मुलांनी वर्षभर थांबून घेतला तरी चालते. नर्सिंग, फार्मसी, वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना साधा लॅपटॉप पुरतो.

दुकानात गेल्यावर काय पाहायचे, तेही समजून घ्या. रॅम म्हणजे अभ्यासाचे टेबल आणि साठवण म्हणजे पुस्तकांचे कपाट. टेबल लहान असेल तर कपाट कितीही मोठे असून उपयोग नाही. साठवण एस.एस.डी. प्रकारचीच हवी, शक्यतो ५१२ जीबी. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर यंत्र सुरू व्हायलाच वेळ घेते. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असलेले अगदी स्वस्त लॅपटॉप दिसतात. विंडोज ११ ची किमान अटच तेवढी आहे, म्हणजे अभ्यासाला काही उरतच नाही. स्वस्तात घेतलेली ही वस्तू सहा महिन्यांत कोपऱ्यात पडते आणि गरिबाचे पैसे दोनदा जातात. रॅम पुढे वाढवता येते की बोर्डावरच पक्की बसवलेली आहे, हेही विचारा. नुसते 'आय-फाइव्ह आहे' एवढ्यावर भाळू नका. आय-फाइव्ह दहा वर्षांपूर्वीचाही असतो. त्यापुढचा आकडा वाचा. ८२५० असेल तर आठवी पिढी, १२३५ असेल तर बारावी. नव्या इंटेल प्रोसेसरांची नावे आता 'कोअर ५', 'कोअर अल्ट्रा' अशी बदलली आहेत, तेव्हा तो कोणत्या वर्षीचा आहे, हे स्पष्ट विचारून घ्या. वजन दीड किलोच्या आसपास असावे. ज्या कंपनीचे सेवा केंद्र आपल्या जिल्ह्याच्या गावी आहे, तिलाच प्राधान्य द्या. मुंबई-पुण्याला दुरुस्तीला पाठवलेला लॅपटॉप परीक्षेआधी परत येईल याची खात्री नसते.

नवा परवडत नसेल तर वापरलेला घ्यायला कमीपणा मानू नका. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. ते दुरुस्त करून, सहा महिने ते वर्षाच्या हमीने विकले जातात. त्यांची बांधणी मजबूत असते. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप आता फार स्वस्तात गळ्यात मारले जातील. विंडोज हवीच असेल तर ते घेऊ नका. लिनक्सवर काम भागत असेल तर मात्र तेही चालतात. लिनक्स आणि लिबर ऑफिस दोन्ही मोफत आहेत. वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी किती उरली आहे हे चालवून पाहा, सगळ्या कळा दाबून पाहा, पडदा व बिजागऱ्या तपासा आणि पक्के बिल घ्या. दुकानदार चोरीची विंडोज टाकून देत असेल तर नको म्हणा. तिच्यासोबत व्हायरस फुकट येतो. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर मोफत मिळतात. अनेक महाविद्यालयांच्या ई-मेलवर ऑफिसही मोफत मिळते. हक्काचे सोडून चोरीचे कशाला वापरायचे?

पैशांची सोय करतानाही आधी हक्काचे पाहा. शैक्षणिक कर्ज घ्यावेच लागणार असेल, तर अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेला संगणक वाजवी किमतीत त्याच कर्जात धरता येतो, अशी तरतूद बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत आहे. त्याची परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होते. दुकानाचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो. आय.आय.टी., एन.आय.टी., एम्स, राष्ट्रीय विधी विद्यापीठे अशा निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. २०२१-२२ पासूनच्या रचनेनुसार तिच्यात पहिल्या वर्षी ८६ हजार आणि पुढे दरवर्षी ४१ हजार रुपये शैक्षणिक भत्ता ठेवण्यात आला. त्यात पुस्तके, राहणे यांच्याबरोबर लॅपटॉपचाही खर्च धरलेला आहे. म्हणजे शिक्षणाला लॅपटॉप लागतो, हे सरकारला मान्य आहे!

मग प्रश्न असा की, जिल्ह्याच्या गावातल्या साध्या महाविद्यालयात बी.एस्सी., बी.सी.ए. करणाऱ्या आपल्या हजारो मुलामुलींना तो लागत नाही काय? २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता धरला गेला. शैक्षणिक साहित्यासाठी ठेवले ते वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५ हजार आणि इतरांना २ हजार. दोन हजारांत कोणता लॅपटॉप येतो? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील शंभरांपैकी जेमतेम चार आणि शहरी भागातील तेवीस घरांत संगणक आढळला होता. तामिळनाडूने २०११ पासून शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांना मोफत लॅपटॉप देऊन दाखवले. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने निदान पदवीच्या मुलांसाठी ही तरतूद करावी, ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

मागणी मान्य होईपर्यंत मात्र हातावर हात ठेवून बसायचे नाही. अनुसूचित जातीच्या वैद्यकीय-अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी योजना आली, तेव्हा महागडी पुस्तके दोन विद्यार्थ्यांत एक संच अशी वापरायला मिळू लागली. आज नोकरी-धंद्यात स्थिरावलेल्या आपल्यातल्या कित्येकांनी त्या पुस्तकांवर पदव्या घेतल्या. त्याच धर्तीवर लॅपटॉपपेढी का उभी राहू नये? आपल्यातला नोकरदार वर्ग दर चार-पाच वर्षांनी लॅपटॉप बदलतो आणि जुना कपाटात धूळ खात पडतो. तो विहारात जमा करा. वस्तीतला हार्डवेअर शिकलेला एखादा तरुण त्यात एस.एस.डी. टाकून, जुना मजकूर पुसून तो तयार करील. वहीत नोंद करून गरजू विद्यार्थ्याला पदवीपर्यंत वापरायला द्या, पदवी झाली की परत घ्या आणि पुढच्याला द्या. जयंतीच्या एका रात्रीच्या डी.जे.च्या भाड्यात अशा किती यंत्रांची दुरुस्ती होईल, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतःच करावा. ज्या महामानवाने आपल्या पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्याच्या जयंतीला हे अधिक शोभते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. लॅपटॉप येतो मुलीच्या शिक्षणाच्या नावावर आणि संध्याकाळी तो असतो भावाच्या मांडीवर. तो सिनेमा पाहतो, ही स्वयंपाक आटोपून रात्री अकराला चार्जर शोधते. असे होणार असेल तर आय-फाइव्ह असो की आय-सेव्हन, सगळे व्यर्थ. बिल मुलीच्या नावाने करा, पासवर्ड तिच्याजवळ राहू द्या आणि अभ्यासाची वेळ ठरवून द्या. यंत्र निवडण्याइतकेच हेही महत्त्वाचे आहे.

त्या परिचितांचे पुढे काय झाले? मुलगी स्वतः विभागात जाऊन आली. पहिल्या वर्षी सी आणि पायथन, प्रयोगशाळा पाचपर्यंत खुली, एवढे कळल्यावर दोन महिने थांबायचे ठरले. ऑगस्टमध्ये त्यांनी अकराव्या पिढीचा, वापरलेला, वर्षभराच्या हमीचा आय-फाइव्ह लॅपटॉप २४ हजारांना रोखीने घेतला आणि दोन हजार घालून रॅम १६ जीबी करून घेतली. त्यातले निम्मे पैसे साठवलेले होते, उरलेले मावशीने बिनव्याजी दिले. परवा ते भेटले तेव्हा म्हणाले, 'सर, पोरगी आता वस्तीतल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म त्याच्यावरच भरून देते. नेट कॅफेवाल्याला फॉर्ममागे शंभर रुपये द्यावे लागत नाहीत.'

दुकानातल्या त्या कागदावर सही केली असती, तर आज ते अजून हप्तेच फेडत असते.