शांत रस्ता आणि सायकलवरची पाहुणी

आजच्या गप्पांत हप्ता नाही, व्याज नाही, बँकेचं पासबुकही नाही. आज आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याबद्दल बोलायचं आहे.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, ओणीकडून अणुस्कुरा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दोन वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात, एका रविवारी सकाळी आमची गटाची बैठक ओटीवर चालू होती. दोन बायका सायकलवरून आल्या आणि थांबल्या. डोक्यावर हेल्मेट, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या. त्यांतली एक अंगणात आली आणि हळूच म्हणाली, "ताई, जरा संडासला जायला मिळेल का?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. ज्या घरी बैठक होती तिथल्या संडासात पावसाळ्यापासून लाकडं रचलेली. शेजारच्या घरातल्या टाकीत पाणी नाही. शाळेला रविवारचं कुलूप. शेवटी एका काकूंनी घाईघाईने लाकडं बाहेर काढली, आम्ही दोघी-तिघींनी पाण्याच्या बादल्या नेल्या. जाताना ती ताई म्हणाली, "सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते. वाटेत जायचं कुठे, हा प्रश्न असतो."

ती गेली, पण तिचं वाक्य मागे राहिलं. कारण आपणही तेच करतो ना? एसटीने तालुक्याला जायचं असलं की सकाळपासून पाणी प्यायचं नाही. ती शहरातली, आपण गावातल्या, पण त्रास एकच.

त्यानंतर आम्ही विचारायला लागलो की ही माणसं कोण, आपल्याच रस्त्याने का जातात, त्यांना लागतं काय. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

आधी रस्ता समजून घेऊ. कोकण म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, आणि मध्ये साधारण पन्नास किलोमीटरची चिंचोळी पट्टी. या पट्टीच्या मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो. तिथे ट्रक, लक्झरी बस, गाड्यांची रांग. सायकलवाल्याला तिथे जीव मुठीत धरून चालवावं लागतं. म्हणून तो महामार्ग नुसता ओलांडतो आणि दोन बाजूंचे शांत रस्ते शोधतो.

पहिला शांत रस्ता किनाऱ्याचा. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंत सागरी मार्ग आहे. हा रस्ता सरळ नाही. खाडी आली की उतरायचं, पलीकडे गेलं की पुन्हा सड्यावर चढायचं. काही खाड्यांवर पूल आहेत, काही ठिकाणी फेरीबोट. सावित्रीच्या खाडीत वेसवी ते बागमांडला, वाशिष्ठीच्या खाडीत दाभोळ ते धोपावे, शास्त्रीच्या खाडीत तवसाळ ते जयगड. बोटीत माणूस, मोटारसायकल, टेंपो, सायकल सगळं बरोबर जातं. सायकलवाल्यांना ही बोट फार आवडते, कारण पायांना तेवढीच विश्रांती.

दुसरे शांत रस्ते घाटाचे. घाट पुष्कळ आहेत, पण सगळे सारखे नाहीत. आंबा घाटातून रत्नागिरी-कोल्हापूरची वाहतूक जाते, कुंभार्ली घाटातून चिपळूण-कऱ्हाडची. तिथे अवजड गाड्या. त्यामानाने आमचा अणुस्कुरा शांत. खाली राजापूर तालुका, वर चढून गेलं की कोल्हापूर जिल्ह्यातला शाहूवाडी तालुका. वैभववाडी भागातही सायकलवाले येतात. खारेपाटणकडून भुईबावडा घाट चढून गगनबावड्याला जायचं आणि करूळ घाटाने वैभववाडीला उतरायचं, असा फेरा ते करतात.

आमच्या रस्त्याने येणारे बहुतेकजण रत्नागिरीला रेल्वेने उतरतात. सायकल सामानाच्या डब्यात बुक करून आणतात. मग भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे असा किनारा धरतात. कशेळीला कनकादित्याचं आणि आडिवऱ्याला महाकालीचं देऊळ आहे, तिथे टेकतात. आडिवऱ्याहून आत राजापूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी महामार्ग ओलांडून ओणी, पाचल करत घाटाच्या पायथ्याला, आणि मग चढ. जुन्या काळी राजापूर बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच बाजूने घाटावर जायचा. म्हणजे हमरस्ता होण्याआधीपासून ही वाट चालती आहे. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, वाटसरूला पाणी आणि गूळ दिल्याशिवाय कोणी पुढे जाऊ देत नसे.

आता त्यांची चाल बघा. सामान घेतलेला सायकलवाला सपाटीला तासाला बारा ते पंधरा किलोमीटर जातो. घाटात पाच-सहा. म्हणजे मोटारवाला जे अंतर वीस मिनिटांत संपवतो तिथे याला तास-दीड तास लागतो. मोटारवाला चहा शहरात पितो आणि जेवायला दुसऱ्या शहरात थांबतो. सायकलवाल्याला दर पंधरा-वीस किलोमीटरला काहीतरी लागतंच. आणि शांत रस्त्यावर त्या अंतराला हॉटेल नसतं, आपलं गाव असतं. आपल्या गटांसाठी मुद्दा आहे तो हाच.

लागतं काय? आम्ही येणाऱ्यांना विचारून यादी केली. ती अगदी साधी निघाली.

पहिलं, स्वच्छ संडास. आतून कडी, पाणी, बादली, मग, साबण, आणि बाईला लागणारी झाकणाची कचऱ्याची बादली. दुसरं, पिण्याचं पाणी. उन्हात सायकल चालवणाऱ्याला तासाला अर्धा ते पाऊण लीटर पाणी लागतं. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं असावं. तिसरं, सावली आणि बसायला बाकडं. चौथं, खाणं. आम्हाला वाटलं होतं, यांना काहीतरी वेगळं लागेल. तसं काही नाही. घावणे-चटणी, तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी, केळी, उकडलेली अंडी. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत तर सगळ्यांत जास्त जातं, कारण घामातून मीठ जातं आणि ते भरून येतं. बरोबर न्यायला आंबापोळी, काजूगर, शेंगदाण्याचा लाडू. लहान पुडी हवी, किलोची पिशवी ते नेऊ शकत नाहीत.

आणि पाचवं, खरी माहिती. पुढे चढ किती, दुकान कुठे, घाटात दरड आली आहे का, मोबाइलला रेंज कुठपर्यंत. आपण सवयीने सांगतो, "हे काय, जवळच आहे." तसं सांगू नका. पायांनी जाणाऱ्याला "जवळच" फार महाग पडतं. घाटात चढायचं असेल तर दुपारी दोननंतर निघू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. अंधारात घाट नको.

आम्ही काय केलं ते सांगतो. गटातल्या तीन घरांचे संडास नीट केले. लाकडं पडवीत गेली. टाकीला नळ बसवला. रस्त्याला एक पाटी लावली: "पाणी, सावली, स्वच्छतागृह. महिला बचत गट." पाटी आमच्यातल्या एका मुलीने रंगवली. पाणी आणि संडास याचे पैसे घेत नाही, खाण्याचे घेतो. दर आधी लिहून लावले, म्हणजे माणूस बघून भाव सांगितला असं होत नाही. पाळी आठवड्याची. ज्या घराची पाळी, त्या घराने सफाई आणि खाणं बघायचं. कमाईतला दहावा हिस्सा गटाला, त्यातून साबण, फिनेल, ब्रश.

कायद्याच्या गोष्टीही आहेत. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या धंद्याला साधी नोंदणी पुरते. घरात मुक्कामाला पाहुणे ठेवायचे असतील तर पर्यटन विभागाची 'निवास व न्याहारी' योजना आहे, तिच्यात नाव नोंदवता येतं. ओळखपत्राची नोंद वहीत ठेवा. परदेशी पाहुणा राहिला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते.

आता एक कडू गोष्ट, कारण नुसतं गोड सांगणं बरं नव्हे. आमच्याच बाजूच्या एका गटाने मोठ्या उत्साहात कर्ज काढून फ्रीज आणि टेबल-खुर्च्या घेतल्या. सायकलवाले येतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही शनिवार-रविवारी जास्त. मार्चपासून ऊन, जूनपासून पाऊस. पावसात घाटात दरडी पडतात, रस्ता बंद होतो. फ्रीज रिकामा राहिला, हप्ता मात्र दर महिन्याला आला. दोन बायकांनी आपली कोंबडी-अंडी विकून तो भरला. म्हणून आमचं सांगणं असं, की हा जोडधंदाही नव्हे, हा पूरक धंदा आहे. जे घरात आहे त्यावरच करा. भाकरी आपण करतोच, चार जास्त थापायच्या. यासाठी कर्ज काढू नका.

मग एवढ्याशा कमाईसाठी हा खटाटोप कशाला? आम्हालाही बैठकीत हाच प्रश्न विचारला गेला. उत्तर पाटी लावल्यावर चार महिन्यांनी मिळालं. वरच्या वाडीतली एक गरोदर सून तपासणीला चालत निघाली होती, गाडी चुकलेली. ती पाटी बघून आमच्याकडे आली, संडासला गेली, पाणी प्यायली, सावलीत बसली. म्हणाली, "हे आमच्यासाठी पण आहे का?" आम्हाला लाज वाटली. आपल्याच बाईला विचारावं लागलं! त्या दिवशी पाटीवर एक ओळ वाढवली: "सर्वांसाठी." आता बाजाराला जाणाऱ्या, काजू विकायला निघालेल्या, लेकरू घेऊन गाडीची वाट बघणाऱ्या बायका तिथे थांबतात. सायकलवाल्यांपेक्षा त्याच जास्त.

आणखी एक सांगायचं राहिलं. पाहुण्या बायका सायकलवरून येताना बघून आमच्या मुली विचारायला लागल्या. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. बारावी झाली, की ती सायकल गोठ्यात कोंबड्यांचं बसायचं ठिकाण होते. मुलगी मोठी झाली, आता सायकल कशाला, असं आपणच म्हणतो. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. तिथे लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या, शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीच्या बाया सगळ्या. नवऱ्याची वाट न बघता पाणी, माल, मुलं घेऊन जायला लागल्या. त्यांचा रस्ता काही आपल्यापेक्षा सोपा नव्हता.

आमच्याकडे सध्या चार सायकली गोठ्यातून बाहेर आल्या आहेत. ट्यूब बदलली, चेनला तेल घातलं. संध्याकाळी शाळेच्या मैदानात शिकवणी चालते. शिकवणाऱ्या मुली, शिकणाऱ्या त्यांच्या आया. आमच्यातल्या दोघी पडल्या, गुडघे फुटले, हसू झालं. एक काकू आता पाचलच्या बाजाराला सायकलने जातात. घाट चढायचं नाव नाही अजून, पण रिक्षाचे पैसे वाचतात.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं काढा. आपला रस्ता कुठून येतो, कुठे जातो, त्यावर गाड्या किती, पुढचं पाणी किती लांब, हे वहीत लिहा. मग गावातून एक फेरी मारा आणि बघा, अनोळखी बाईने दारात येऊन विचारलं तर किती घरांतला संडास आपण लगेच उघडून देऊ शकतो. आमच्याकडे त्या रविवारी एकही नव्हता. तुमच्याकडचा आकडा आम्हाला जरूर कळवा.

नमस्कार.