मालक हलला, विमानाचे काय?

मुंबई-आग्रा महामार्गावर शहापूरला थोडा वेळ थांबले, तरी कितीतरी राज्यांच्या नंबरांच्या गाड्या नजरेखालून जातात. परराज्यातली गाडी इथे कायमची ठेवायची, तर बारा महिन्यांनंतर इथला नंबर घ्यावा लागतो, हे गाडीमालकांना ठाऊक असते. आता समजा, मुरबाडचा एक अभियंता अमेरिकेत स्थायिक झाला, हौसेने त्याने चार आसनांचे जुने सेसना विमान घेतले आणि पुढे नोकरीसाठी तो जर्मनीला गेला. त्या विमानाचे काय करायचे?

१९४४च्या शिकागो करारानुसार विमानाला राष्ट्रीयत्व असते आणि ते एका वेळी एकाच देशाचे. अंगावरची अक्षरे ते सांगतात. अमेरिकेचे ‘एन’, जर्मनीचे ‘डी’, भारताचे ‘व्हीटी’. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला आणलेले विमानही व्हीटी-एडीएन होते. मालक कुठेही राहो, उड्डाणयोग्यतेचे नियम नोंदणीच्या देशाचे.

खरी अडचण इथेच सुरू होते. ‘एन’ विमानाची दर बारा महिन्यांनी वार्षिक तपासणी करावी लागते आणि लॉगबुकात सही लागते ती अमेरिकी परवाना व तपासणीचा खास अधिकार असलेल्या मेकॅनिकची. जर्मनीतला स्थानिक मेकॅनिक कितीही अनुभवी असला, तरी निव्वळ युरोपीय परवान्यावर ती सही करू शकत नाही. अमेरिकी अधिकाराचे मेकॅनिक युरोपात आहेत, पण मोजके. त्यांच्या सवडीने आणि त्यांच्या प्रवासखर्चासह काम करून घ्यावे लागते.

दुसरी मेख मालकीत आहे. अमेरिकेत स्वतःच्या नावावर विमान नोंदवायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते. देश सोडल्यावर ग्रीन कार्ड गेले, की नोंदणीही बाद होते. मग अमेरिकी विश्वस्ताच्या नावे ट्रस्ट करून विमानाची कायदेशीर मालकी त्याच्याकडे द्यायची, अशी वाट अनेक जण धरतात. त्याची वार्षिक फी वेगळी. शिवाय युरोपात राहणाऱ्या वैमानिकाला युरोपीय परवानाही काढावा लागतो आणि विमान तिथेच ठेवायचे तर सीमाशुल्क व करांचा हिशेब चुकत नाही.

नोंदणी बदलावी, तर आधी जुनी रद्द करायची, मग विमानावर केलेला प्रत्येक फेरबदल नव्या देशाच्या नियमांत बसतो का, हे सिद्ध करायचे. जुन्या विमानात चाळीस वर्षांत बसवलेला रेडिओ, अँटेना, इंजिनाचा एखादा भाग, सगळ्याचे कागद लागतात. कागद नसेल, तर भाग चांगला असूनही काढावा लागतो.

आणि विमान मायदेशी आणायचे ठरवले तर? नोंदणी आणि उड्डाणयोग्यता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाला नोंदणी २०१७ साली मिळाली, उड्डाणाची परवानगी २०१९ साली. त्यात छोट्या पिस्टन इंजिनाला लागणारे एव्हगॅस इंधन आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळते. इंडियन ऑईलने ते देशात बनवायला सुरुवात केली २०२२ साली. कोकणपट्टीचा पावसाळा हा आणखी एक शत्रू. दमट हवेत न उडता उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या आत गंज धरतो. म्हणूनच इंजिने बनवणारी लायकमिंग कंपनी उड्डाणाचे ठरलेले तास भरले नाहीत, तरी चार महिन्यांनी तेल बदलायला सांगते.

म्हणून सामान लादण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत: पुढच्या वार्षिक तपासणीवर सही कोण करणार, नोंदणी कोणाच्या नावे राहणार आणि नव्या देशात कर किती. यातले एक जरी उत्तर मिळाले नाही, तर जुने विमान तिथेच विकून नव्या गावी तिथल्या नोंदणीचे घ्यावे. साध्या चार आसनी विमानाच्या बाबतीत बहुतेक वेळा हाच सौदा स्वस्त पडतो.