विजेत्या संघाचे सरासरी वय किती?

सरासरी वय काढायचे ना? मग त्यात काय अवघड आहे! सगळ्या खेळाडूंच्या वयांची बेरीज करायची, खेळाडूंच्या संख्येने भागायचे, की झाले उत्तर! सातवी-आठवीतला कोणीही विद्यार्थी हेच सांगेल आणि त्याचे सांगणे चूकही नाही. परंतु एकाच संघाचे सरासरी वय एका वर्तमानपत्रात २५.२, दुसऱ्यात २५.८ आणि तिसऱ्यात २६.१ असे छापून आले तर? तिघांचीही बेरीज बरोबर, तिघांचा भागाकारही बरोबर, आणि तरीही उत्तरे वेगळी! असे कसे होईल? आपण एका खऱ्या विजेत्या संघाचे उदाहरण घेऊनच हे पाहू.

मुळा नदीच्या एका तीरावर पिंपरी-चिंचवडमधील वाकड आहे, तर दुसऱ्या तीरावर बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. याच मैदानावर ३ फेब्रुवारी २०२२ रोजी महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेचे उपान्त्य सामने झाले. चीन विरुद्ध जपान हा सामना विलक्षण चुरशीचा ठरला. जादा वेळ संपत आलेला असताना चीनची कर्णधार वांग शानशान हिने बरोबरीचा गोल केला, मग टायब्रेकरमध्ये गोलरक्षक झू यू हिने चेंडू अडवले आणि चीन अंतिम फेरीत गेला. ६ फेब्रुवारीला नवी मुंबईत अंतिम सामना झाला. दक्षिण कोरियाने मध्यंतरापूर्वीच दोन गोल चढवले होते. उत्तरार्धात तांग जियाली, झांग लिनयान आणि श्याओ यूयी यांनी एकेक गोल करून चीनला ३-२ असा विजय मिळवून दिला.

कर्णधार, गोलरक्षक आणि गोल करणाऱ्या तिघी अशा या पाच खेळाडूच आपण गणितासाठी घेऊ. पाचांचे उत्तर म्हणजे संपूर्ण संघाचे उत्तर नव्हे, हे लक्षात ठेवा. पण रीत एकदा समजली की पाच काय आणि तेवीस काय, सारखेच!

त्यांच्या जन्मतारखा अशा :

वांग शानशान : २७ जानेवारी १९९०
तांग जियाली : १६ मार्च १९९५
श्याओ यूयी : १० जानेवारी १९९६
झू यू : २३ जुलै १९९७
झांग लिनयान : १६ जानेवारी २००१

पहिली रीत : पूर्ण झालेली वर्षे

तुमचे वय कोणी विचारले तर तुम्ही 'तेरा' असे सांगता. 'तेरा वर्षे दोनशे दिवस' असे काही सांगत नाही. म्हणजेच आपण फक्त पूर्ण झालेली वर्षे मोजतो आणि वरचे दिवस सोडून देतो. अंतिम सामन्याच्या दिवशी या पाच जणींची पूर्ण झालेली वर्षे अनुक्रमे ३२, २६, २६, २४ आणि २१ होती. बेरीज १२९. पाचाने भागले की सरासरी आली २५.८ वर्षे.

आता समजा, कोणी हीच यादी १ जानेवारी २०२२ रोजी छापली असती. त्या दिवशी वांग शानशान, श्याओ यूयी आणि झांग लिनयान या तिघींचे त्या वर्षीचे वाढदिवस यायचे होते. त्यामुळे वये झाली असती ३१, २६, २५, २४ आणि २०. बेरीज १२६ आणि सरासरी २५.२ वर्षे!

१ जानेवारी ते ६ फेब्रुवारी म्हणजे अवघे ३६ दिवस. एवढ्या काळात प्रत्येक जण ३६ दिवसांनी मोठी झाली, म्हणजे वर्षाच्या जेमतेम एक दशांशाने. परंतु आपली सरासरी मात्र ०.६ वर्षाने, म्हणजे सात महिन्यांहून अधिक उडी मारून गेली. संघ काही रातोरात म्हातारा झाला नाही. दोष आपल्या मोजण्यात आहे.

दुसरी रीत : वर्षे आणि दिवस

वरचे दिवस टाकून न देता मोजले तर? अंतिम सामन्याच्या दिवशीची वये अशी येतात :

वांग शानशान : ३२ वर्षे १० दिवस
तांग जियाली : २६ वर्षे ३२७ दिवस
श्याओ यूयी : २६ वर्षे २७ दिवस
झू यू : २४ वर्षे १९८ दिवस
झांग लिनयान : २१ वर्षे २१ दिवस

एवढ्या मोठ्या बेरजा करायचा कंटाळा येत असेल तर शाळेत शिकलेली गृहीत मध्याची पद्धत वापरा. नजरेने अंदाज केला तर सरासरी २६ च्या आसपास असणार. म्हणून २६ हा गृहीत मध्य धरू. पाच जणी बरोबर २६ वर्षांच्या असत्या तर बेरीज १३० वर्षे झाली असती. प्रत्यक्षात वर्षांची बेरीज आहे १२९, म्हणजे एक वर्ष कमी. पण दिवसांची बेरीज करा : १०, ३२७, २७, १९८ आणि २१ मिळून ५८३ दिवस. त्यांतले ३६५ दिवस त्या कमी पडलेल्या एका वर्षाच्या भरपाईला गेले. उरले २१८ दिवस. ते पाच जणींत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ४४ दिवस येतात. म्हणून सरासरी वय झाले २६ वर्षे ४४ दिवस, अर्थात सुमारे २६.१ वर्षे.

या रीतीचा आणखी एक फायदा आहे. तारीख बदलली तरी पुन्हा सगळे गणित करावे लागत नाही. संघातील प्रत्येक खेळाडू रोज एक दिवसाने मोठा होतो, म्हणून सरासरीही रोज बरोबर एक दिवसाने वाढते. १ जानेवारीची सरासरी हवी आहे? ४४ मधून ३६ वजा करा. २६ वर्षे ८ दिवस! इथे उडी नाही, गडबड नाही.

चूक एकाच दिशेची

आता तीन वर्तमानपत्रांचे कोडे उलगडले. परंतु एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? पूर्ण वर्षांच्या रीतीने आलेले उत्तर दोन्ही वेळा खऱ्या उत्तरापेक्षा कमीच आले. एकदा ११७ दिवसांनी, तर एकदा तब्बल ३०० दिवसांनी. ते कधी जास्त का आले नाही?

कारण उघड आहे. पूर्ण वर्षे मोजताना आपण प्रत्येकाच्या वयातून काहीतरी कापतोच. कोणाच्या वयात भर घालत नाही. वाढदिवस वर्षभर सारखे विखुरलेले असतील तर ही काट सरासरीने अर्ध्या वर्षाची असते. आपल्या पाच जणींत तिघींचे वाढदिवस जानेवारीत असल्यामुळे ती ६ फेब्रुवारीला कमी आणि १ जानेवारीला जास्त झाली, इतकेच.

हीच गोष्ट भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात पाहायला मिळेल. समजा, एक कामगार व्हर्निअरने दांड्यांचा व्यास मोजत आहे. हाताचा दाब कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त पडतो. त्यामुळे एखादे माप जरासे मोठे येते, तर एखादे जरासे लहान. पुष्कळ मापे घेऊन सरासरी काढली की या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. परंतु व्हर्निअरच मुळात ०.१ मिलिमीटर कमी दाखवणारा असेल तर? मग शंभर मापे घ्या की हजार घ्या, सरासरीही ०.१ मिलिमीटरने कमीच येणार. दोन्ही बाजूंना पडणाऱ्या चुका सरासरीत विरघळतात. एकाच बाजूला पडणारी चूक मात्र तशीच शिल्लक राहते. हे वाक्य वहीत लिहून ठेवण्यासारखे आहे.

संघ म्हणजे नेमके कोण?

अजून एक अडचण राहिलीच. त्या आशियाई स्पर्धेत एका संघात जास्तीत जास्त २३ खेळाडूंची नोंद करता येत होती. मैदानात मात्र एका वेळी अकराच असतात, आणि त्यांतलेही काही मध्येच बदलले जातात. झांग लिनयान आणि श्याओ यूयी या दोघी अंतिम सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरल्या आणि गोल करून गेल्या! मग सरासरी कोणाची काढायची? सर्व २३ जणींची, पहिल्या अकरा जणींची, की प्रत्यक्ष खेळलेल्यांची?

प्रत्यक्ष खेळलेल्यांची काढायची असेल तर ज्याने अधिक वेळ खेळ केला त्याच्या वयाला अधिक वजन द्यावे. यालाच भारित सरासरी म्हणतात. समजा, ३२ वर्षांचा एक खेळाडू ९० मिनिटे खेळला आणि २१ वर्षांचा दुसरा ४५ मिनिटे. साधी सरासरी येईल २६.५. परंतु ३२ ला ९० ने आणि २१ ला ४५ ने गुणून, बेरजेला १३५ ने भागले तर येतात सुमारे २८.३ वर्षे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. प्रश्न वेगवेगळे आहेत.

सरासरी काय लपवते?

१९८२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ११ जुलै रोजी माद्रिदला झाला. विजेत्या इटलीच्या संघात गोलरक्षक दिनो झोफ ४० वर्षे १३३ दिवसांचा होता, तर बचावपटू ज्युसेप्पे बेर्गोमी अवघा १८ वर्षे २०१ दिवसांचा! या दोघांची सरासरी येते २९ वर्षे १६७ दिवस. परंतु ते वय ना झोफचे, ना बेर्गोमीचे. एक बाप शोभेल असा, तर दुसरा नुकताच शाळेतून बाहेर पडलेला. सरासरीकडे पाहून यातले काहीच कळत नाही.

कारखान्यात २५ मिलिमीटर व्यासाचे दांडे हवे असताना निम्मे २४ चे आणि निम्मे २६ चे निघाले, तर सरासरी अचूक २५ येईल. पण एकही दांडा जागेवर बसणार नाही! म्हणून सरासरीबरोबर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे वयही सांगावे. मध्यकही सांगावा. मध्यक म्हणजे वये चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारे वय. आपल्या पाच जणींत ते श्याओ यूयीचे, २६ वर्षे २७ दिवस.

जन्मतारीखच खोटी असेल तर?

आपल्याकडे आजी-आजोबांच्या पिढीत १ जून या तारखेला वाढदिवसांचा अगदी सुकाळ असतो. याचे कारण गमतीचे आहे. पूर्वी पुष्कळ घरांत जन्माची नोंद नसे. जूनमध्ये मुलाला शाळेत घातले की गुरुजी अंदाजाने वर्ष धरीत आणि तारीख १ जून अशी लिहून टाकीत. त्यात कोणाचे वय थोडे वाढले, कोणाचे थोडे घटले. अशा चुका सरासरीत पुष्कळशा विरून जातात.

परंतु वयाची मर्यादा असलेल्या स्पर्धांत चूक अशी दोन्हीकडे पडत नाही. तिथे वय वाढवून कोण सांगेल? ते कमी करूनच सांगितले जाते. समजा, अकरा जणांपैकी एकाने दोन वर्षे चोरली. संघाची सरासरी कितीने घटेल? ७३० दिवसांना ११ ने भागा. सुमारे ६६ दिवस! एवढा फरक कोणाच्या डोळ्यांत भरणार? पण त्या एका खोट्या तारखेमुळे खऱ्या वयाचा एक मुलगा संघाबाहेर राहिला, हे सरासरी कधीच सांगणार नाही. म्हणून प्रत्येक खेळाडूची तपासणी स्वतंत्रपणेच करावी लागते.

ती कशी करतात? मनगटापाशी रेडिअस हाडाच्या टोकाला वाढत्या वयात कूर्चेची एक चकती असते. वाढ पुरी झाली की ती नाहीशी होऊन हाड एकसंध होते. एमआरआय यंत्र चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने हे दाखवते. त्यात क्ष-किरण लागत नाहीत. सतरा वर्षांखालील मुलांत हे हाड पूर्ण सांधलेले फारच क्वचित आढळते. म्हणून २००९ साली नायजेरियात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकापासून 'फिफा' ही तपासणी वापरू लागली. मात्र हाड सांधलेले नाही म्हणून मुलगा लहानच आहे, असे उलटे अनुमान काढता येत नाही.

नियमातली तारीखही नीट वाचावी लागते. २०१७ साली ही स्पर्धा भारतात झाली. नवी मुंबई आणि गोव्यातही तिचे सामने झाले. नियम होता, जन्म १ जानेवारी २००० रोजी वा त्यानंतरचा हवा. म्हणजे त्याच दिवशी जन्मलेला मुलगा ६ ऑक्टोबरला, स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, १७ वर्षे २७८ दिवसांचा असूनही 'सतरा वर्षांखालील'च ठरला! डिसेंबरात जन्मलेला मुलगा त्याच्याहून जवळजवळ वर्षाने लहान, तरी दोघे एकाच गटात. त्या वयात एका वर्षाने उंचीत आणि ताकदीत केवढा फरक पडतो, हे तुम्ही वर्गात पाहताच. १९८५ साली कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू पुष्कळ अधिक आढळले. थोराड मुलाला हुशार समजून आधी निवडले जाते आणि शेवटच्या महिन्यांतली गुणी मुले मागे पडतात.

करून पाहा

आपल्या शाळेच्या फुटबॉल, कबड्डी किंवा खो-खो संघातील खेळाडूंच्या जन्मतारखा मिळवा. आजचे सरासरी वय दोन्ही रीतींनी काढा आणि फरक पाहा. महिन्याभराने पुन्हा काढा. वाढदिवस कोणत्या महिन्यांत जास्त आहेत, तेही मोजा. मात्र दहा-बारा जणांवरून मोठा निष्कर्ष काढू नका. शेवटी उत्तर लिहाल तेव्हा त्याच्याजवळ तीन गोष्टी अवश्य लिहा : कोणते खेळाडू धरले, कोणत्या तारखेचे वय धरले आणि वरचे दिवस मोजले की सोडले. या तीन गोष्टी लिहिल्या असतील, तर तेच गणित दुसरा कोणीही करून पाहू शकेल आणि त्याचे उत्तर तुमच्या उत्तराशी जुळेल.