एकाच केळीची लक्ष रोपे

बुऱ्हाणपूर सोडून रावेरच्या दिशेने निघावे, की दोन्ही बाजूंस केळीच्या बागा लागतात. सारखी उंची, सारखी पाने, घडही एकाच सुमारास बाहेर पडलेले. गेल्या सहलीत एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, ही सारी झाडे म्हणजे एकच झाड तर नव्हे?" आम्ही हसलो खरे, परंतु पुढे पुस्तके चाळली, तेव्हा मुलाचेच म्हणणे बरोबर ठरले.

रानकेळीत खड्यांसारख्या बिया असतात. आपल्या केळीच्या पेशींत मात्र गुणसूत्रांचे दोनांऐवजी तीन संच असल्याने तिला बी धरत नाही. म्हणून कंदाला फुटलेले मुनवे लावूनच शेतकऱ्याने तिचा वंश चालविला. मुनवा ही मातेची हुबेहूब प्रत होय. शास्त्रज्ञ तिला क्लोन म्हणतात. आम्हां कोकणी माणसांच्या हापूसचे कलम तरी दुसरे काय आहे?

हेच काम आता प्रयोगशाळेत चालते. निवडक केळीच्या कंदातील कोंबाचा इवलासा भाग निर्जंतुक करून बाटलीत, साखर, क्षार व संप्रेरके घातलेल्या खाद्यावर ठेवतात. एका कोंबाचे अनेक, त्या अनेकांचे शेकडो कोंब होतात; मुळे फुटल्यावर रोपांना हळूहळू बाहेरची हवा सोसावयास लावतात. हे ऊतिसंवर्धन. 'ग्रँड नैन' जातीची अशी रोपे आली आणि आपल्या भागातील 'बसराई' मागे पडली. मुनव्यांबरोबर येणारे सूत्रकृमी व सोंडे यांपासून ही रोपे मुक्त असतात. शिवाय बाग एकदम कापणीस येते, मालमोटार एका फेरीत भरते. हा लाभ लहान नव्हे. लग्नकार्य, शाळेची फी, कर्जाचा हप्ता, सारे त्या घडांवर अवलंबून असते.

परंतु जे एकास बाधते, ते सर्वांस बाधते. 'ग्रो मिशेल' ही जात एके काळी जगाच्या बाजारात अग्रेसर होती. पनामा रोगाच्या बुरशीने मध्य अमेरिकेतील तिचे मळे उजाड केले आणि १९६० च्या सुमारास व्यापाऱ्यांनी कॅव्हेंडिश गटाचा आश्रय घेतला. आपली बसराई व ग्रँड नैन याच गटातल्या. आता त्याच बुरशीचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे. बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. तिच्यावर औषध नाही.

विषाणूंची गोष्ट निराळी. मातृझाड तपासून न घेतल्यास रोग बाटलीतूनच लक्ष रोपांत उतरतो. निरोगी रोपालाही शेतात धोका असतोच. काकडीवरील मोझॅक विषाणू मावा किडीमार्फत केळीवर येतो. खानदेशातील शेतकरी त्यास 'हरण्या' म्हणतात. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलकडील शेतकऱ्यांना त्यापायी कोवळी रोपे उपटून टाकावी लागली. रोगट रोप बरे होत नाही. ते उपटून पुरावे, बागेत व बांधावर काकडी-भोपळ्याचे वेल लावू नयेत, मावा आवरावा, एवढेच हाती उरते.

गोव्यात मयडे गावची थोराड केळी अजून जपली जाते. तीही मुनव्यांनीच वाढते, पण तिचे कूळ वेगळे. त्या विद्यार्थ्याच्या परसात आजीने लावलेली एक जुनी केळ आहे; तिचे नाव घरात कोणालाच ठाऊक नाही. यंदा तिला तीन मुनवे फुटले. त्यांतला एक आम्ही शाळेच्या विहिरीपाशी लावून घेतला आहे.